दहा दरवाजे, चार खिडक्या

दिवाळी जवळ आली की मराठी घरांतील मुलांचे हात मातीकडे वळतात. अंगणाचा एक कोपरा मोकळा केला जातो, विटांचे तुकडे, दगडगोटे, जुनी गोणपाटे गोळा होतात आणि चार-सहा दिवसांत तेथे एखादा किल्ला उभा राहतो. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींच्या घरीही ही चाल सुटलेली नाही. बोलण्यात परक्या भाषेचे शब्द मिसळले, फराळाच्या ताटात शेजाऱ्यांकडचे पदार्थ आले, किल्ला मात्र राहिला. शेजारची मुले तो पाहावयास येतात आणि हे काय आहे म्हणून विचारतात. त्या एका प्रश्नाचे नीट उत्तर द्यावयाचे म्हटले तर घरातील वडील माणसांनाही इतिहासाची उजळणी करावी लागते.

किल्ला करण्याचा एक ठरलेला क्रम आहे. प्रथम डोंगर, मग तट आणि बुरूज, मग शिखरावर सिंहासन, उतारावर मोहरीची किंवा हळिवाची हिरवळ आणि अगदी शेवटी, पणत्या लावण्याची वेळ होत आली असता, दरवाजा. हा दरवाजा म्हणजे बहुधा पुठ्ठ्याचा एक तुकडा असतो आणि तो तटाला बाहेरून चिकटविलेला असतो. खिडक्यांचे काम गेरूच्या चार रेघांवर भागते. आमचे म्हणणे असे की हा क्रम उलटा आहे. तट आणि बुरूज यांवरून फार तर किल्ल्याचे बळ समजेल. त्याचा इतिहास समजावयाचा तर कोणते दार कोणत्या वाटेवर होते, ते कोणासाठी उघडले आणि कोणासाठी मिटले, हे समजले पाहिजे. झाशी हे याचे उत्तम उदाहरण होय. सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ते हाकेच्या अंतरावर आहे.

आमची मुले रायगड करतात, प्रतापगड करतात, सिंधुदुर्ग करतात. त्यात गैर काहीच नाही. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतील जिंजी. झाशी त्या यादीत नाही. पण ज्या मुलाला शाळेत जाताना रोज झाशीचा किल्ला दिसतो, त्याने अंगणात झाशीच का करू नये, असा विचार करून आम्ही यंदा झाशीचा तट करावयास घेतला. आणि त्या निमित्ताने जे वाचले, मोजले, ताडून पाहिले, ते येथे मांडीत आहो.

झाशीच्या जुन्या गॅझेटिअरात शहराच्या तटाला दहा दरवाजे आणि चार खिडक्या सांगितल्या आहेत. दरवाजे असे: खंडेराव, दतिया, उनाव, ओर्छा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर आणि झिरना. खिडक्या अशा: गणपतगिरची, अलीगोलची, सुजानखानची आणि सागर खिडकी. निरनिराळ्या याद्यांत या नावांत थोडा फरक पडतो. काहींत चांद दरवाजाही येतो. तथापि मुख्य नावे हीच आहेत.

येथे 'खिडकी' या शब्दावर थोडे थांबले पाहिजे, कारण घरातील मुले ती नावे ऐकताच तटात गजांच्या चौकोनी खिडक्या बसवू लागतात. शहराच्या तटातील खिडकी ही वाऱ्या-उजेडासाठी नसते. मोठ्या दरवाज्याने हत्ती, तोफा, गाड्या जावयाच्या. खिडकीने पायी माणूस जावयाचा. ती तटातच ठेवलेली अरुंद वाट असते. दरवाज्याच्या फळीत जे लहान दार असते त्याला आपण दिंडी म्हणतो. महादरवाजा मिटल्यावर ओळखीच्या माणसाला तेवढ्यातून वाकून आत घेता येते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या पाच दरवाज्यांपैकी एकाचे नावच खिडकी दरवाजा आहे. म्हणजे हा शब्द मराठी मुलाच्या घरातलाच आहे, केवळ त्याचा जुना अर्थ तेवढा त्याला परत द्यावयाचा आहे. प्रतिकृतीत अशी खिडकी करावयास बोरूचा एक पोकळ तुकडा ओल्या तटात आरपार खुपसून ठेवला की पुरे.

नावांकडे पुन्हा पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दहांपैकी दतिया, उनाव, ओर्छा, बडागाव, सागर आणि भांडेर ही तर उघड उघड दुसऱ्या गावांची नावे आहेत. ज्या वाटेने माणूस जावयाचा त्या वाटेचे शेवटचे ठिकाण दाराला चिकटले. पुण्यातही तेच झाले. वाड्याचे मुख्य दार दिल्लीचे नाव घेऊन उभे आहे. तट कोणी बांधला याचा अभिमान तट बाळगतो. पण दरवाजा शेजाऱ्याचे नाव लावतो. झाशीच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. किल्ला मुळात ओर्छ्याच्या वीरसिंहदेव बुंदेल्याचा, १६१३ च्या सुमाराचा. पुढे झाशी आणि ओर्छा यांचे फाटले. १८५७ च्या पावसाळ्यानंतर ओर्छ्याच्या दरबारचा नथ्थेखान झाशीवर चालून आला आणि राणीने त्याला परतविले. तरीही दरवाजा ओर्छ्याचाच राहिला. वैर दोन-चार पिढ्यांचे असते. वाट त्याहून जुनी असते.

सागर खिडकी सोडली तर खिडक्यांची नावे मात्र गावांची नाहीत, माणसांची आहेत. गणपतगिर या नावातील 'गिर' गोसाव्यांच्या परंपरेची आठवण देतो, आणि अठराव्या शतकात या मुलखात गोसाव्यांच्या सशस्त्र जथ्यांचे मोठे प्रस्थ होते. अलीगोल हे मराठी फौजांतील पायदळाच्या एका प्रकाराचे नाव. सुजानखान कोण असेल तो असो, त्याच्या नावाची वाट शहराने आपल्या तटात ठेवली होती. दाराजवळ जो राहतो, जो पहारा करतो, त्याचे नाव दाराला लागते. ज्यांना झाशी म्हणजे केवळ दक्षिणी ब्राह्मणांचे संस्थान वाटते, त्यांनी या चार खिडक्यांची नावे एकदा मोठ्याने वाचावीत.

आता मापाकडे वळू. १८५८ साली झाशीस वेढा घालणाऱ्या सर ह्यू रोजने आपल्या खलित्यात शहराच्या तटाचे माप दिले आहे: परीघ साडेचार मैल, जाडी सहा ते बारा फूट, उंची अठरा ते तीस फूट. किल्ल्याच्या भिंती त्याहून जाड, सोळा ते वीस फूट. शत्रूने घेतलेले माप बहुधा काळजीपूर्वक घेतलेले असते, कारण त्याला ती भिंत फोडावयाची असते. शहर वाटोळे धरले तर साडेचार मैलांच्या परीघाचा व्यास सुमारे साडेसात हजार फूट होतो. अंगणात सहा फूट रुंदीची जागा मिळाली असे समजू. म्हणजे प्रमाण जवळजवळ साडेबाराशेस एक पडले. प्रतिकृतीतील एक इंच म्हणजे खरे एकशे पाच फूट. या हिशेबाने तीस फुटांचा तट पाव इंचाहून थोडासा उंच होतो. दरवाजा पंधरा फूट उंच धरला तर तो ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्यातून जाणारा माणूस खसखशीच्या दाण्याएवढा! बाजारात मिळणारा तीन इंची मातीचा मावळा या झाशीत उभा केला तर तो तीनशे फुटांचा राक्षस ठरेल.

प्रामाणिक माप घेतले की दरवाजे नाहीसे होतात, असा हा पेच आहे. त्यातून सुटण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट, शहर सोडून केवळ किल्ला करावा. किल्ल्याची लांबी सुमारे एक हजार फूट. त्याच सहा फुटांत तो बसविला तर पंधरा फुटी दरवाजा एक इंचाचा होतो आणि त्याला फळ्या, अडसर, दिंडी सारे काही करता येते. पण मग शहर जाते, आणि शहराबरोबर दहा दरवाजे, चार खिडक्या जातात. दुसरी वाट, शहराचा आराखडा मापात ठेवावा आणि दरवाजे दसपट मोठे करावेत. दसपट केले म्हणजे ते काडेपेटीच्या रुंदीएवढे होतात, आणि काडेपेटी तर प्रत्येक घरात आहे. आम्ही ही दुसरी वाट पत्करली. मापाचे शास्त्री यास दोष देतील. पण जुन्या चित्रकारांनी काढलेल्या शहरांच्या चित्रांतही दरवाजे असेच वाढलेले असतात. ज्यातून जाणे-येणे होते ते डोळ्यांना मोठे दिसते. अट एकच, की कोठे आणि किती पट वाढविले ते मुलाला ठाऊक असावे. जाणून मोडलेले माप हे मापच असते.

दरवाजा बसविण्याचा क्रम तर आपल्या सुतार-गवंड्यांनी पूर्वीच ठरवून ठेवला आहे. घर बांधताना चौकट आधी उभी राहते, तिला हळदकुंकू वाहतात, आणि भिंत मग तिच्या दोन्ही अंगांनी वर चढते. प्रतिकृतीतही तसेच करावे. झाशीच्या आसपासची तांबूस माती लवकर वाळते आणि वाळलेल्या भिंतीत मागाहून भोक पाडू गेले तर तुकडेच्या तुकडे निखळतात. म्हणून काडेपेट्यांचे कप्पे तळ काढून आधी जागेवर उभे करावेत आणि त्यांच्या मधून तट न्यावा. कप्पा कोठे उभा करावयाचा, हे अर्थात वाट ठरविते. यासाठी आम्ही मुलांकडून प्रथम जमिनीवर चुन्याने वाटा आखून घेतल्या: वायव्येस दतियाची, ईशान्येस भांडेरची, आग्नेयेस ओर्छ्याची, दक्षिणेस सागरची, पूर्वेस लक्ष्मी तलावाची. वाटा आखून झाल्या तेव्हा तट कोठून जावयाचा हे सांगावेच लागले नाही.

जुन्या दारांना आजच्यासारख्या बिजागऱ्या नसत. फळीच्या कडेस वर आणि खाली खुंटा ठेवलेला असे आणि तो दगडातील उखळीत फिरे. पुठ्ठ्याच्या फळीस वर-खाली टाचणीची टोके ठेवली की तेच साधते. फळीच्या बाहेरच्या अंगास हत्तीला थोपविण्यासाठी लोखंडी खिळे, आणि आतल्या अंगास अडसर. मुले हा अडसर हमखास बाहेरून लावतात, कारण त्यांना तो दिसावयास हवा असतो. पण अडसर ज्या अंगास असतो ते घराचे आतले अंग, हे एकदा सांगितले की मुलाला पुष्कळ काही समजते. झाशीच्या इतिहासातला प्रश्नच हा आहे की, अडसर कोणाच्या हाती होता.

मराठे या दारांतून आत आले ते अठराव्या शतकात. छत्रसालाने बाजीरावास बुंदेलखंडातील वाटा दिला, आणि पुढे १७४२ च्या सुमारास नारोशंकर झाशीस सुभेदार झाला. नाशिकच्या गोदाकाठी ज्याच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे तोच हा नारोशंकर राजेबहाद्दर. त्याने किल्ला वाढविला. त्या वाढीव भागास शंकरगड म्हणतात. त्याने बाहेरून माणसे आणून शहर वसविले. त्याच्यामागून काही वर्षांनी नेवाळकरांचा अंमल सुरू झाला. मूळ रत्नागिरीकडचे हे घराणे. त्यांनी महालक्ष्मीचे देऊळ लक्ष्मी तलावाच्या काठी बांधले आणि शहरातून तिकडे जाणारा दरवाजा लक्ष्मी दरवाजा म्हणून ओळखला जातो. १८४२ साली गंगाधररावांचा मणिकर्णिकेशी विवाह झाला तो किल्ल्याजवळच्या गणेश मंदिरात. शंभर वर्षांच्या आत आलेली माणसे घरची झाली, ती अशी.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ साली संस्थान खालसा झाले. राणीला किल्ला सोडून शहरातील महालात राहावे लागले. किल्ल्याचा अडसर दुसऱ्याच्या हाती गेला, तो असा, एकही तोफ न उडता.

त्यानंतरच्या तीन घटना आम्ही प्रतिकृतीत दाखविण्याचे ठरविले, आणि त्यांतली पहिली दाखवावी की न दाखवावी यावर घरात वाद झाला. जून १८५७ मध्ये छावणीतील शिपायांनी उठाव केला तेव्हा इंग्रज अधिकारी बायकामुलांसह शहरच्या किल्ल्यात शिरले आणि दरवाजे लावून घेतले. ८ जून रोजी जिवाला धक्का लागणार नाही या वचनावर त्यांनी दार उघडले. बाहेर पडलेल्या सुमारे साठ माणसांना जोखनबागेत नेऊन ठार करण्यात आले. या कृत्याचा ठपका राणीवर ठेवण्यास आधार नाही, असेच मत पुढे बहुतेक अभ्यासकांनी दिले आहे. तरीही दार वचनावर उघडले आणि वचन मोडले, ही गोष्ट झाशीच्याच दारात घडली आहे. मुलांपुढे सणासुदीला ती कशाला, असे घरात म्हणणारे होते. आमचे मत पडले ते असे की, जे मूल पुढे कोणा सरकारी खुर्चीवर बसून लोकांना वचने देणार आहे, त्याला ही गोष्ट लहानपणीच समजलेली बरी.

दुसरी घटना तटाच्या दक्षिण अंगाची. २१ मार्च १८५८ रोजी रोज झाशीपुढे आला. त्याने घोडदळाच्या सात टोळ्या शहराभोवती पेरून सर्व वाटांची नाकेबंदी केली. म्हणजे दरवाजे होते तेथेच राहिले, पण त्यांपुढच्या वाटा मेल्या. आतून गुलाम गौसखानासारखे गोलंदाज तोफा चालवीत होते. १ एप्रिल रोजी बेतवेच्या काठी तात्या टोपे यांच्या फौजेचा मोड झाला आणि बाहेरून मदत येण्याची आशा संपली. ३ एप्रिलला हल्ला झाला. लोककथा सांगते की ओर्छा दरवाजा फितुराने उघडला. ती कथा इतकी रूढ आहे की शहरात कोणालाही विचारले तरी तीच ऐकू येते. पण हल्ला करणाऱ्यांच्या कागदांत मुख्य वाटा दोन दिसतात: तोफांनी पाडलेले खिंडार आणि तटाला लावलेल्या शिड्या. काही शिड्या आखूड पडल्या, काही मोडल्या. डिक आणि मिकलजॉन हे दोन तरुण इंजिनिअर अधिकारी तटावरच पडले. शत्रूने दरवाजा मागितला नाही. भिंतच दरवाजा करून टाकली. पराभवाचे कारण एका फितुराच्या गळ्यात बांधले म्हणजे मनास बरे वाटते. परंतु त्याने तट लढविणाऱ्यांच्या शौर्याचेही माप कमी होते, हे आपण विसरतो.

या खिंडाराने आत शिरलेल्यांत इंग्रजांच्या ८६ व्या पलटणीबरोबर मुंबईच्या देशी पायदळाची २५ वी पलटण होती. मुंबईच्या लष्करात कोकणातले आणि देशावरचे शिपाई पुष्कळ असत, हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा त्या दिवशी तटाच्या दोन्ही अंगांना मराठी बोलणारी माणसे होती, असे मानावयास हरकत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या काळात आत होते. त्यांनी जे पाहिले ते उतारवयात लिहून ठेवले आणि चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने ते प्रसिद्ध केले. शहर पडल्यानंतरची कत्तल, लूट, महालातील ग्रंथसंग्रहाचा नाश, हे सारे त्यांत आहे. हजारो माणसे मेली. तटाला दहा दरवाजे असून त्यांना बाहेर पडता आले नाही.

आमच्या मुलांनी खिंडार करण्यास नकार दिला. किल्ला नवा, सुंदर, आणि त्याला भगदाड का पाडावयाचे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी तडजोड अशी झाली की तट पुरा करावा, आणि सैंयर व झिरना या दरवाज्यांच्या मधला एक तुकडा निराळा, उचलून बाजूस ठेवता येईल असा ठेवावा. पाहुण्यांना प्रथम पूर्ण झाशी दाखवावी, मग तो तुकडा काढून १८५८ ची झाशी दाखवावी. या युक्तीचे श्रेय मुलांचेच आहे.

तिसरी घटना दुसऱ्याच रात्रीची, ४ एप्रिलची. राणी थोड्या स्वारांनिशी शहरातून निसटली. किल्ल्यावर एक जागा दाखवितात आणि तेथून दत्तक पुत्रास पाठीशी बांधून घोड्यासह तिने उडी घेतली असे सांगतात. दुसरी परंपरा भांडेर दरवाज्याचे नाव घेते. पुढची गोष्ट मात्र निश्चित आहे: दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट डाउकरने तिचा पाठलाग भांडेरपर्यंत केला, तेथे तो स्वतःच जखमी झाला, आणि राणी काल्पीस पोचली. पाठलाग भांडेरच्या वाटेने झाला, तेव्हा दार भांडेरचे असणे अधिक संभवते. उडीने मुलांचे डोळे चमकतात, हे खरे. पण चारी बाजूंनी घोडदळ पेरलेले असता, आपल्याच शहराच्या दारातून, अंधारात, लहान मुलाला घेऊन शांतपणे निघून जाणे, यास उडीहून कमी धैर्य लागत नाही. आम्ही भांडेर दरवाज्याच्या फळ्या थोड्या किलकिल्या ठेवल्या आणि बाकीचे नऊ मिटवून घेतले.

येथवरचा इतिहास सर्वांना थोडाफार ठाऊक असतो. यानंतरचा फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्यांशी नेमका त्याचाच संबंध आहे. १८६१ साली इंग्रजांनी झाशीचे शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देऊन टाकला. जिल्ह्याचे मुख्य ठाणे मात्र त्यांनी तटाबाहेरच ठेवले. त्या वस्तीस झाशी नौआबाद म्हणत. नवाबाद हे नाव आजही येथील पोलिस ठाण्याने जपले आहे. कचेऱ्या, साहेबांचे बंगले, छावणी, हे सारे बाहेर इंग्रजांच्या हद्दीत, आणि तटाच्या आतले शहर शिंद्यांच्या हद्दीत. १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार यांच्या बदल्यात झाशी पुन्हा इंग्रजांकडे आली. म्हणजे पंचवीस वर्षे शहराच्या दरवाज्याशी एक राज्य संपे आणि दुसरे लागे. नौआबादेत कचेरीत बसणारा कारकून शहरात आपल्या नातेवाइकाकडे जेवावयास गेला तर तो परराज्यात जाऊन येई!

त्याच वस्तीच्या वळणावर पुढे वाढलेल्या सिव्हिल लाइन्समधील जुना बंगला आणि तटाच्या आतील जुना वाडा यांच्या दारांची तुलना करून पाहावी. वाड्यास रस्त्यावर एकच दार, मग चौक, आणि सगळ्या खोल्यांची तोंडे चौकाकडे. बंगल्यास चौक नाही. त्याच्या खोल्यांची तोंडे चारी दिशांच्या व्हरांड्याकडे. एकेका खोलीस तीन-तीन दारे, दारांना झिलमिल्या, छताजवळ दोरीने उघडावयाची रोशनदाने, आणि जेथे पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो तेथे उन्हाळ्यात दारांवर पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्या. वाडा आतल्या माणसांकडे पाहतो, बंगला बाहेरच्या मोकळ्या मैदानाकडे पाहतो. मैदान मोकळे ठेवणे हाही एक तटच होता. १८५७ नंतर साहेबाला दाट वस्तीची भीती वाटे. आज त्या मोकळ्या जागांत दुकाने आणि इमारती आल्या आहेत, पण उरलेल्या बंगल्यांत ती अनेक दारे आहेत, आणि त्यांतली बहुतेक कपाटांनी अडविलेली आहेत.

मराठी माणूस या वस्तीत आला तो रेल्वेच्या दाराने. १८८९ साली इंडियन मिडलंड रेल्वेचे मार्ग झाशीस मिळाले, १८९५ साली कारखाना निघाला, १९०० साली ती रेल्वे मुंबईच्या जी. आय. पी. कंपनीत गेली. मुख्य कचेरी मुंबईस, आणि मोठे जंक्शन झाशीस, तेव्हा मुंबईकडची माणसे बदलीवर येथे येत राहिली. मध्य रेल्वेशी झाशीचा संबंध २००३ पर्यंत टिकला. मग उत्तर मध्य रेल्वे निघाली. मधल्या काळात १९६२ साली चारा संशोधन संस्था आणि १९७४ साली भेलचा कारखाना आला. लष्कर तर आहेच. नारोशंकराने वसविलेली मराठी घरे तटाच्या आत, आणि बदलीवर आलेली मराठी घरे तटाच्या बाहेर, असे दोन थर झाशीत पडले. पहिल्यांच्या बोलण्यात बुंदेली इतकी मुरली आहे की नव्याने आलेल्यास ते मराठी आहेत हे आडनावावरून कळते. दुसरे तीन वर्षांनी निघून जातात. दोघांची गाठ गणपतीत पडते, कधी तीही पडत नाही.

आज झाशीचे दरवाजे काही उभे आहेत, काही नावापुरते उरले आहेत. तट कित्येक ठिकाणी घरांच्या भिंतींत मिसळून गेला आहे. पण टपालाच्या पत्त्यांवर तो अजून शाबूत आहे. 'अंदर ओर्छा गेट', 'बाहर दतिया गेट', 'बाहर सैंयर गेट' असे येथील मोहल्ल्यांचे पत्ते लिहिले जातात. भिंत पडली, तरी माणूस आतला की बाहेरचा हे पत्ता सांगतो. कचेरीतल्या फायलींवर हे पत्ते आमच्यापैकी कित्येकांनी शेकडो वेळा वाचले असतील, आणि ते कशाचे अंदर नि कशाचे बाहर, हा विचार मनाला शिवलाही नसेल.

सिव्हिल लाइन्सच्या पत्त्यात अंदर नाही आणि बाहरही नाही. ती वस्ती निघालीच मुळी दाराकडे पाठ करून. तेथे राहणाऱ्या आम्हां अधिकाऱ्यांना म्हणूनच या शहराच्या दारांची माहिती करून घेण्याचे अधिक कारण आहे. बदली होऊन आलेला माणूस ज्या गावात राहतो त्याच्या वीज, पाणी, जमीन, शाळा यांविषयीच्या कागदांवर सह्या करतो. त्या गावाच्या खिडक्या कोणाच्या नावाच्या होत्या हे त्यास ठाऊक नसावे, हे बरे नव्हे. मराठ्यांचा इतिहास सांगताना आपण तट आणि बुरूज पुष्कळ सांगितले, अजूनही सांगतो. आपले पूर्वज या परमुलखात टिकले ते तटामुळे नव्हे. तट तर पंधरवड्यात पडला. ते टिकले ते दतिया, ओर्छा, भांडेर ही नावे त्यांच्या दारांना राहिली म्हणून, गोसाव्याला आणि खानाला त्यांच्या तटात वाट होती म्हणून.

तेव्हा वाचकांस आमची विनंती एवढीच की, येत्या दिवाळीत मुले किल्ला करू लागली म्हणजे त्यांना दरवाजे आधी विचारावेत. आपण जेथे असाल तेथलेच एखादे गाव निवडावे. ग्वाल्हेर असो, सागर असो, बडोदे असो, तंजावर असो. वाटा आधी आखाव्यात, चौकटी मग उभ्या कराव्यात, तट त्यानंतर. अडसर आतल्या अंगास लावावा. आणि फळ्या चिकटवून टाकू नयेत. त्या फिरत्या असाव्यात.